रेवडी, खुराक आणि खिरापत

महाराष्ट्रातील खेळांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मल्लांची चरित्रे लिहिली, तालमींच्या परंपरा जुळविल्या, १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम कसे बांधले गेले आणि हुतूतूच्या नियमांसाठी साताऱ्यापासून बडोद्यापर्यंत किती खल झाला हेही नोंदवून ठेवले; परंतु खेळ संपल्यावर घामाने निथळणारी, धापा टाकणारी आठ-दहा वर्षांची पोरे मैदानाच्या कडेला येऊन बसली तेव्हा त्यांच्या हातावर काय पडले, ते कोणी निवडले, आणि ते सर्वांच्या हातावर पडले की काहींच्याच, याची चौकशी क्वचितच कोणी केली. ही उपेक्षा मला फार दिवसांपासून खटकत आली आहे. मोठ्यांचा खेळ बक्षिसाने संपतो, मुलांचा खाऊने संपतो. आणि त्या खाऊच्या वाटपात गावाचा, घराचा व राज्याचा मुलांविषयीचा विचार जितका उघडा पडतो तितका तो शाळेच्या भिंतीवर रंगविलेल्या सुविचारांत कधीच पडत नाही.

उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा ठेवून पाण्याचा तांब्या पुढे करण्याची रीत देशावरच्या खेड्यांत अद्याप पुरती मोडलेली नाही, आणि खेळून आलेल्या मुलाला काही द्यायचे तर प्रथम गूळ, ही समजूत त्याच रीतीच्या पोटी जन्मली असावी. गुळाने थकलेल्या शरीराला तत्काळ तरतरी येते आणि तोंडात गोड असले म्हणजे पाणी घटाघट न ढोसता घोटाघोटाने प्यायले जाते, हे कोणा वैद्याने सांगण्याची गरज आजीबाईंना पडली नाही. कोल्हापूर, कराड, सांगली या उसाच्या मुलखात तर गुऱ्हाळाच्या दिवसांत मुलांचा खेळ कोणत्याही रानात सुरू झाला तरी तो संपे काहिलीपाशीच. आलेल्याला रस पाजल्यावाचून विन्मुख पाठवू नये हा गुऱ्हाळाचा शिरस्ता मुलांना चांगला ठाऊक असे. १८९५ साली शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची पेठ वसविली आणि कोल्हापुरी गुळाला हुकमी बाजार मिळाला, तरी काहिलीपाशी आलेल्या पोरांचा हक्क त्या बाजाराच्या हिशेबात कोणी धरला नाही.

गुळाचा सोबती म्हणून आज आपल्याला शेंगदाणा आठवतो आणि हा जोड अगदी शिवकालापासूनचा वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेचे पीक, ते समुद्रमार्गे युरोपीय व्यापाराबरोबर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आले, आणि दख्खनच्या शेतांतून नगदी पीक म्हणून ते खऱ्या अर्थाने पसरले ते एकोणिसाव्या शतकात. मावळ्याच्या कमरेला शेंगदाण्यांची पुरचुंडी बांधणारे जे चित्र आपण लहानपणापासून मनात बाळगतो ते यास्तव पुसावे लागते. त्या काळच्या खेळणाऱ्या पोराच्या मुठीत फुटाणे असतील, रात्री भिजत घातलेले हरभरे असतील, जोंधळ्याच्या लाह्या असतील, कोकणात असेल तर ओल्या नारळाची कातळी असेल, शेंगदाणा नव्हता. नंतर मात्र तो स्वस्त झाला, टिकाऊ म्हणून सोयीचा ठरला, आणि दोनतीन पिढ्यांतच त्याने असा काही जम बसविला की, तो परका आहे असे सांगणाराच परका वाटावा.

मुलांनी खेळून झाल्यावर एकत्र बसून खावे या कल्पनेला महाराष्ट्रात जे धार्मिक अधिष्ठान मिळाले ते काल्याच्या रूपाने. यमुनेच्या वाळवंटात चेंडूफळी, विटीदांडू, हुतूतू खेळणारा कृष्ण आमच्या संतांनी अभंगांतून इतक्या प्रेमाने रंगविला की, ते खेळ गोकुळचे नसून आळंदी-देहूच्या आसपासचेच आहेत हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात यावे. आणि त्या खेळानंतर सवंगड्यांच्या शिदोऱ्या सुटतात, एकाचे दही, दुसऱ्याच्या लाह्या, तिसऱ्याचे लोणचे, चौथ्याचा शिळा भाकरतुकडा एकत्र कालविला जातो आणि कोणाच्या घरचे काय होते हे ओळखू येईनासे होते. पंढरीच्या वाटेवर रिंगण आटोपल्यावर वृद्ध वारकरीसुद्धा हुतूतू आणि फुगड्या खेळतात, आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होऊन मगच वारी पुरी होते. गोव्यात माशेल येथे देवकीकृष्णाच्या देवळापुढील पटांगणात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. भर पावसात, अंगाला तेल चोपडून, लहानथोर पुरुष व मुले चिखलात लोळतात, कृष्णाचे म्हणून सांगितले जाणारे खेळ खेळतात आणि त्यांच्यावर खाऊ उधळला जातो. काल्यामध्ये खाऊची निवड कोणीच करीत नाही. ज्याच्या घरी जे असेल ते तो आणतो, आणि वाटा मात्र सर्वांना एकच मिळतो. हे तत्त्व म्हणून फार मोठे होते. ते गावच्या रोजच्या मैदानावर कितपत उतरले, हा प्रश्न वेगळा, आणि त्याच्याकडे मला पुढे यावयाचे आहे.

तालमीची व्यवस्था काल्याहून अगदी निराळ्या न्यायाने चाले. मारुतीची मूर्ती, तिच्यापुढे समई, खाली तांबड्या मातीचा हौदा आणि भिंतीशी करेल, मुद्गल, लेझीम, असा ज्या खोलीचा संसार, तिथे खाणे हा व्यायामाचाच उत्तरार्ध मानलेला होता. त्या मातीलाही खुराक असे: हळद, ताक, लिंबाचा रस, तेल आणि ऐपत असेल तर कापूर घालून ती मऊ व निर्दोष ठेवली जाई, आणि पहाटे हौदा उकरण्याचे काम नव्या पोरांकडे असे. थोरल्या मल्लांचा खुराक दूध, तूप, बदाम, अंडी, मटण असा ठरलेला. संस्थानी मुलखात नामांकित पैलवानांना तो सरकारी कोठीतून तैनात म्हणून मिळे. शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला जो उदार आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे प्रचंड मैदान उभे करून तिला जी प्रतिष्ठा दिली, तिच्यामुळे पंजाबपर्यंतचे मल्ल कोल्हापुरास येऊ लागले व त्यांच्याबरोबर खुराकाच्या उत्तरेकडच्या चालीही इथे रुजल्या. परंतु नेमणूक असे ती मोठ्यांना. लंगोट नुकताच कसू लागलेल्या आठ वर्षांच्या पोराच्या नावाने कोठीच्या दफ्तरात काय असणार?

त्याच्या वाट्याला येई ती थंडाई, आणि तीही सेवेच्या मोबदल्यात. रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी सोलायचे, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे घालून दगडी कुंडीत लाकडी दांड्याने ते घोटायचे, हात भरून आले तरी थांबायचे नाही, वस्तादाने दोन बोटांत चिमूट घेऊन रवा लागतो की नाही ते पाहायचे आणि लागला तर पुन्हा घोटायला लावायचे, असा तो क्रम. घोटणारी पोरे ही तालमीतली सर्वांत धाकटी. गाळून झालेली थंडाई आधी मोठ्यांच्या तांब्यांत जाई, आणि फडक्यात जो चोथा राही त्यावर दुसऱ्यांदा दूध-पाणी ओतून जे पातळ निघे ते पोरांचे. मोठा झालेला मल्ल त्या दुसऱ्या पाण्याची आठवण कधी तक्रारीने काढीत नाही. उलट ते प्यायलो म्हणून घडलो असे सांगतो. मला मात्र वाटते की, ज्या वयात हाडे वाढतात त्या वयाला दुसरे पाणी आणि ज्या वयात ती वाढून चुकली त्या वयाला पहिले, हा क्रम कोणा वस्तादाने तरी उलटा करून पाहायला हवा होता. सुदैवाने कोल्हापुरात दुधाचा कट्टा होता. गंगावेशीसारख्या ठिकाणी गवळी म्हशी घेऊन येत व गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देत. तालमीतून सुटलेल्या मुलाला बापाने किंवा चुलत्याने तिथे उभे करून धारोष्ण दुधाचा पेला पाजावा, ही त्या शहरातील घरोघरची वहिवाट होती. तिथे मुलगा जोर किती काढतो याची विचारपूस होत नसे. पेल्यावरचा फेस ओठांना लागे आणि म्हैस शेपूट हलवीत शेजारी उभी असे, एवढाच तो समारंभ.

तालमीतील पोराचा पहिला जाहीर दिवस उजाडे तो गावच्या जत्रेत. पालखी झाली, नैवेद्य झाले, म्हणजे दुपार कलताना ओढ्याकाठच्या नांगरलेल्या रानात फड बसे. हलगी कडाडे, मानकरी मंडळी घोंगडी टाकून बसत, आणि मोठ्या जोडी येण्यापूर्वी पंच लहान पोरांच्या कुस्त्या लावीत. या रेवड्यांच्या कुस्त्या. त्यांच्यानंतर नारळावरच्या, मग रुपया-दोन रुपयांच्या, आणि दिवस मावळता मावळता मानाची निकाली कुस्ती, अशी चढती भाजणी असे. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका दुष्काळी खेड्यात मी पाहिलेला पंच अजून डोळ्यांपुढे आहे. खांद्यावरच्या उपरण्याचा एक कोपरा गाठ मारून त्याने झोळीसारखा केला होता आणि त्यात रेवड्या भरल्या होत्या: गुळाचा पाक ओढून ओढून पांढुरका केलेला, चपटे तुकडे पाडून तिळांत घोळविलेला तो जिन्नस. समोरून येईल त्या पोराचा दंड धरायचा, डोळ्यांनीच वजन करायचे, तसाच दुसरा गर्दीतून ओढायचा, दोघांच्या हातांत हात द्यायचा आणि बाजूला व्हायचे. झोंबाझोंबी मिनिटभरात आटपे. चीत झालेला पोरगा रडवेला होऊन मातीतून उठला की पंच त्याच्या पाठीवरची माती झटकी, जिंकलेल्याच्या ओंजळीत मूठभर रेवड्या घाली, आणि मग हरलेल्याच्याही ओंजळीत तितक्याच. ओंजळी तांबड्या मातीने भरलेल्या असत, रेवड्यांना ती माती लागे, आणि ती पोरे ती तशीच खात.

सर्वत्र असेच होई असे मी म्हणत नाही. कित्येक फडांवर रेवडी जिंकणाऱ्याचीच, आणि कुस्ती बरोबरीत सुटली तर निम्मी-निम्मी, असाही रोख न्याय चाले. त्याच्या बाजूने बोलणारे आजही पुष्कळ भेटतात, आणि हरण्याची चव मुलाला लहानपणीच कळावी असा त्यांचा युक्तिवाद असतो. मी त्या उपरण्याच्या झोळीच्या बाजूचा आहे. मोठ्या जोडीला इनाम गावच्या वर्गणीतून मिळते, ते पराक्रमाचे मोल आहे, त्यात वाटणी होऊ नये. परंतु सात वर्षांचा पोरगा शेकडो माणसांच्या देखत लंगोट लावून मातीत उतरला, एवढ्यावरच त्याचे देणे गावाला लागू झाले. त्या पंचाने हे शास्त्र कुठे वाचले नव्हते. पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले, कोठीचा खुराक बंद पडला, काही वर्षे पैलवानांची परवड झाली, आणि मग सहकारी साखर कारखान्यांनी मानधनावर मल्ल जोपासण्याची तजवीज केली. मोठ्यांच्या खुराकाचा धनी बदलला. जत्रेतली रेवडी मात्र वर्गणीतूनच येत राहिली. राज्ये आली-गेली तरी मुलांच्या खाऊचा खर्च गावच्या माथी होता तो तसाच राहिला, याचे मला समाधान वाटते.

परंतु हे सर्व लिहिताना एका गोष्टीकडे पाठ फिरविणे अप्रामाणिकपणाचे होईल. खेळात भिडू म्हणून चालणारा मुलगा खाण्यापिण्याच्या वेळी चालत नसे, असा काळ फार दूरचा नाही. पुण्यास गोऱ्या लोकांच्या क्लबात खेळपट्टी राखता राखता गोलंदाजी शिकलेला पाळवणकर बाळू हा चांभाराचा मुलगा गेल्या शतकाच्या आरंभी हिंदूंचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज ठरला. ब्राह्मण खेळाडू त्याच्याबरोबर मैदानात एकाच चेंडूला हात लावीत, आणि चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर मातीच्या टाकाऊ भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे पानही वेगळे. त्याचाच धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला. म्हणजे या अंतराला एक पिढीही पुरी लागली नाही असे म्हणता येईल, आणि लागायलाच नको होती असेही म्हणावे लागेल. प्रौढ गोलंदाजाची ही कथा, तर शाळकरी मुलांची काय असेल? साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्यावाचून पाणी मिळत नसे, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. ज्या गावात काल्याचे कीर्तन दरसाल होत होते त्याच गावातील पाण्याच्या माठावर ही चौकी बसलेली होती. पंतोजींनी खेळ संपल्यावर फुटाणे वाटताना काही हातांवर ते वरूनच टाकले असतील, हे समजायला दफ्तर धुंडाळावे लागत नाही. म्हणून कोणता खाऊ निवडला याच्या इतकाच तो कसा दिला गेला हाही या इतिहासाचा भाग मी मानतो.

मुलींच्या खेळाकडे वळले म्हणजे मन एकदम मोकळे होते. आश्विनात सूर्य हस्त नक्षत्रात गेला की अंगणात पाटावर हत्तीचे चित्र काढायचे आणि त्याभोवती फेर धरून गाणी म्हणत खेळायचे, हा पुण्याकडे भोंडला, कोल्हापूर-साताऱ्याकडे हादगा. विदर्भ-खानदेशात याच्याच नात्यातली भुलाबाई भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर माहेरी येऊन राहते. खेळानंतर काय द्यावे याचा जितका सूक्ष्म विचार या एका खेळात झाला आहे तितका आपल्याकडे दुसऱ्या कोणत्याही खेळात झालेला मला दिसत नाही. खिरापत हा फेराचा शेवट नसून त्याचा दुसरा डाव आहे. झाकण लावलेला डबा यजमानीण मधोमध आणून ठेवते, मुली तो हलवून आवाज ऐकतात, वास घेण्याची मुभा मागतात, ती नाकारली जाते, आणि मग प्रश्नांची झड लागते: गोड की तिखट, मऊ की कुरकुरीत, तळलेली की वाफवलेली, चमच्याने खायची की हाताने. उत्तरे देणारी बाई खोटे बोलत नाही, पण पुरते खरेही सांगत नाही. ओळखले तरी खिरापत मिळते आणि न ओळखले तरी मिळते, हे मुलींना ठाऊक असते, तरीसुद्धा त्या जीव तोडून ओळखू पाहतात. बक्षिसाची लालूच नसताना चुरस टिकते हे ज्यांना पटत नाही त्यांनी एकदा भोंडल्याच्या अंगणात उभे राहून पाहावे.

यजमानीणबाईंच्या बाजूने हा खेळ आणखी कठीण. पूर्वी सोळा दिवसांच्या हादग्यात पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे करीत सोळाव्या दिवशी सोळा खिरापती करण्याची पद्धत होती, आणि त्या घरच्या शिध्यात, ऐपतीत आणि वेळात बसवायच्या असत. वाटली डाळ, दडपे पोहे, तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग, कडबोळी, चुरमुऱ्यांचे लाडू, खोबऱ्याची वडी, मटकीची उसळ, ही तर सर्वांना सुचणारी नावे. ती मुली पहिल्या श्वासात म्हणून मोकळ्या होत. ओळखता येणार नाही असे काही करायचे म्हणजे वस्तू अपरिचित असून चालत नाही, कारण अपरिचित वस्तू लहान मुली खात नाहीत. ती रोजचीच असावी आणि सुचू नये, असा तो पेच. मग कोणी भिजवलेल्या मुगात डाळिंबाचे दाणे मिसळी, कोणी काकडीचे धोंडस करी, कोणी सरळ गूळपोळीचा कुस्करा करून त्याचे मुटके वळी. गरिबाघरची खिरापत फुटाण्यांची असली तरी डबा तितक्याच थाटाने झाकलेला असे, आणि शेजारच्या वाड्यातील करंजीपेक्षा ती ओळखायला अवघड गेली तर मान त्या घराला मिळे. द्रव्याऐवजी कल्पकतेला मान देणारी ही योजना बायकांनी कोणत्याही सभा-ठरावाविना उभी केली. सर्वच आळ्यांत सर्वच मुली फेरात घेतल्या जात नसत, ही त्या काळची उणीव इथेही होतीच. पण एकदा फेरात घेतलेल्या मुलीच्या वाट्याची खिरापत हार-जितीवर अडून राहिली, असे कधी झाले नाही.

इंग्रजी शाळांबरोबर क्रिकेट, हॉकी, फुटबॉल आले आणि त्यांच्याबरोबर मध्यंतर आले. इंग्लंडातील शाळांत फुटबॉलच्या मध्यंतराला संत्र्याच्या फोडी वाटण्याची चाल होती. आपल्याकडे संत्रे मोसमाचे व नागपूरचे, म्हणून अन्यत्र त्याची जागा मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडीने घेतली, आणि उष्ण हवेत घामावाटे गेलेले मीठ भरून काढणारी ती फोड संत्र्याहून अधिक उपयोगाची ठरली. तालुक्याच्या सामन्यांना मुले घेऊन जाणारे मास्तर एस.टी. स्टँडवर उतरल्याबरोबर केळ्यांचा घड बांधून घेत. केळ्याला सोलण्याचे कष्ट नाहीत, धुण्याची गरज नाही आणि वाटताना भांडण नाही, ही त्यांची व्यवहारी दृष्टी मला फार आवडते. विलेपार्ल्याच्या कारखान्यात १९३९ साली ग्लुकोज बिस्किटे निघू लागली आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत तो पुडा खेळाच्या मैदानापर्यंत पोहोचला. १९४९ साली गोरेगावास आरे दूध वसाहत उभी राहिली आणि मुंबईच्या मुलांना बाटलीतले दूध मिळू लागले. १९७२ च्या दुष्काळात सरकारने वाटलेल्या सुकडीची चव ज्या पिढीच्या जिभेवर आहे त्या पिढीने तीच सुकडी कागदात बांधून मैदानावर नेली आणि खो-खोच्या दोन डावांच्या मध्ये खाल्ली, हेही इथे सांगितले पाहिजे.

या सर्व बदलांत निवड करणारा हात बदलत गेला. पंच, वस्ताद, यजमानीण, मास्तर, यांपैकी प्रत्येकाला ज्याला द्यायचे ते मूल डोळ्यांपुढे दिसत असे. आज शहरातील मैदानांवर शनिवार-रविवारी भरणाऱ्या शिकवण्यांत मुलांच्या हातांत जी रंगीत पाकिटे आणि गोड पेये दिसतात त्यांची निवड दूरच्या कचेरीत, त्या मुलाला कधीही न पाहिलेल्या माणसाने केलेली असते, आणि आईबाप ती फक्त विकत घेतात. मला याचे दुःख होते. पाकिटात मीठ व साखर किती हा प्रश्न महत्त्वाचा आहेच; पण अर्धा तास धावून आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला खरोखर पाण्याखेरीज आणि एखाद्या फळाखेरीज फारसे काही लागत नाही, हे त्याच्याकडे पाहणाऱ्यालाच कळते, आणि पाहणाराच आता या व्यवहारातून बाहेर पडला आहे.

निवडीची ही जबाबदारी आईबापांच्या पदरात पुन्हा पडलेली पाहायची असेल तर आश्चर्य वाटेल अशा ठिकाणी जावे लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टॉरन्स या गावी १९६४ साली मुलांच्या सॉकरची एक संघटना निघाली. प्रत्येक मुलाला खेळायला मिळालेच पाहिजे हे तिचे आद्य तत्त्व, आणि तशा संघांतून सामन्यानंतरचा खाऊ आणण्याची पाळी घरोघर वाटून घेण्याची चाल त्या देशभर रूढ झाली. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ही पाळी येते. शेंगदाण्याचा लाडू नेता येत नाही, कारण शेंगदाण्याने काही मुलांच्या जिवावर बेतते म्हणून कित्येक शाळांनी व संघांनी तो वर्ज्य केला आहे. रेवडीचेही तसेच, कारण १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा समावेशही तेथील कायद्याने, वेष्टनावर नमूद केलेच पाहिजेत अशा अपायकारक अन्नघटकांत केला आहे. उरतात संत्र्याच्या फोडी आणि राजगिऱ्याची वडी. आणि राजगिराही भुईमुगासारखाच मूळचा अमेरिका खंडाचा, आपल्या उपवासाच्या फराळात मुरून आता तिकडच्याच मैदानावर परतलेला. सॉकरचा शरद ऋतूतील हंगाम आणि नवरात्र एकाच वेळी येतात, त्यामुळे तीच मुलगी सकाळी संघाबरोबर धावते व संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाच्या भोंडल्यात फेर धरते. सकाळच्या खाऊत काय काय घातले आहे ते आधी सर्व पालकांना लेखी कळवावे लागते. संध्याकाळच्या डब्यात काय आहे ते कोणाला कळता कामा नये. म्हणून तिथल्या यजमानीणबाई डब्यात शेंगदाणा किंवा तीळ असेल तर तेवढे आयांच्या कानात आधी सांगतात, आणि मग झाकण लावून डबा मुलींच्या मधोमध नेऊन ठेवतात.